गोळी नको म्हणणाऱ्याचे आधी ऐका

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सिरुसेरी आहे. तिथल्या सिपकॉट आयटी पार्कमध्ये देशभरातून आलेले हजारो तरुण काम करतात. त्यांत पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरकडची मराठी मुलेमुलीही आहेत. बहुतेकांची ही पहिलीच नोकरी आणि घराबाहेर राहण्याचीही पहिलीच वेळ. स्किझोफ्रेनिया हा आजारही बहुधा याच वयात सुरू होतो. पुरुषांत विशीच्या आसपास, स्त्रियांत काही वर्षे उशिरा. त्यामुळे आजाराचा पहिला झटका येतो तेव्हा मुलगा सिरुसेरीच्या भाड्याच्या खोलीत आणि आईवडील हजार किलोमीटरवर, असे घडू शकते.

पहिले काही आठवडे धावपळीचे जातात. डॉक्टर गाठले जातात, गोळ्या सुरू होतात, कानात येणारे आवाज कमी होतात, झोप लागते, मुलगा पुन्हा कामावर जाऊ लागतो. सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच कधीतरी लक्षात येते की गोळ्यांची पाकिटे तशीच पडून आहेत. मग फोनवर रागावणे, शपथा घालणे, रडणे, "मी ठीक आहे, माझ्या मागे लागू नका" असे उत्तर. हा लेख अशा घरांसाठी आहे, आणि स्वतः गोळ्या घेणाऱ्या किंवा त्या सोडाव्यात असे वाटणाऱ्या वाचकांसाठीही आहे.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगते. गोळी नको म्हणण्यामागे जवळजवळ नेहमी एक कारण असते, आणि ते कारण डॉक्टरांना रक्ताच्या तपासणीइतकेच उपयोगी असते. ते विचारले गेले तर पुष्कळदा त्यावर इलाज निघतो. विचारले गेले नाही तर माणूस गप्प राहतो आणि गोळी गुपचूप कचऱ्यात जाते.

नकारामागे काय असते

"आजारी माणसाला कळत नाही, म्हणून तो औषध घेत नाही" हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. आपल्याला आजार आहे हेच न जाणवणे हा स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांमध्ये आजाराचाच भाग असतो, तो हट्टीपणा नसतो. परंतु आजार मान्य असलेली माणसेही गोळ्या सोडतात.

१९७४ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ थिओडोर व्हॅन पुटन यांनी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण औषध का नाकारतात याचा अभ्यास केला. औषधामुळे होणारी शारीरिक अस्वस्थता, विशेषतः एका जागी बसू न देणारी तगमग, हे त्यांना सापडलेले मोठे कारण होते. १९८३ मध्ये कॅनडातील हॉगन, अवाद आणि ईस्टवुड यांनी ३० विधानांची एक प्रश्नावली तयार केली. औषध घेतल्यावर आपल्याला कसे वाटते हे रुग्णाने तिच्यात स्वतः सांगायचे असते. औषध घेतल्यावर जे वाटते त्यावरून तो ते पुढे घेईल की नाही याचा अंदाज येतो, हा या कामाचा गाभा होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दीड हजार रुग्णांच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दर चारपैकी जवळपास तिघांनी दिलेले औषध १८ महिन्यांच्या आत बंद केले किंवा बदलले. औषध सोडणारा तुमचा मुलगा किंवा बहीण जगावेगळी नाही, हे आधी मनाशी पक्के करा.

कारणे साधारण अशी असतात. अंग जड होते, सकाळी उठवत नाही. वजन झपाट्याने वाढते. काही जणांना मन बोथट झाल्यासारखे वाटते, आनंदही होत नाही आणि दुःखही. काहींना बरे वाटू लागते आणि "आता कशाला?" असा प्रश्न पडतो. लग्न ठरत असते आणि गोळ्या कुणी पाहतील अशी भीती असते. रूममेटसमोर पाकीट काढायला लाज वाटते. काहींच्या कानातले आवाज धमकावत नाहीत, सोबत करतात, आणि ते गेले की एकटेपणा येतो. काहींसाठी रोजची गोळी ही "तू आजारी आहेस" याची रोजची आठवण असते. या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे, म्हणून नेमके कारण कळायला हवे.

औषध काय करते आणि काय करत नाही

या औषधांचा इतिहास १९५२ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाला. जाँ दले आणि पिएर दनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन त्याचा परिणाम नोंदवला. तेव्हापासून निघालेली बहुतेक औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचा प्रभाव कमी करतात. त्यामुळे भास, संशय, विस्कळीत विचार कमी होतात. झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारते; संशय आणि आवाज ओसरायला काही आठवडे लागतात. उत्साह नसणे, लोकांत मिसळावेसे न वाटणे, कामात लक्ष न लागणे यांवर मात्र गोळ्यांचा परिणाम कमी होतो. "गोळ्या घेतोय तरी आळशीच राहिलाय" असे म्हणण्याआधी हे लक्षात ठेवा. त्यासाठी समुपदेशन, पुनर्वसन, हळूहळू कामाची सवय आणि घरातला धीर लागतो.

औषध चालू ठेवण्याचा फायदा किती? २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना वर्षभरात आजार पुन्हा उलटला. औषधाऐवजी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. हा फरक फार मोठा आहे आणि तो रुग्णाला स्पष्ट सांगायला हवा. मात्र आकड्याची दुसरी बाजूही सांगा: औषध घेऊनही काहींना त्रास उलटतो आणि न घेता काही जण वर्षभर बरे राहतात. पण आपण कोणत्या गटात आहोत हे आधी ओळखण्याची खात्रीशीर पद्धत आज नाही. रुग्णाला अर्धेच सत्य सांगितले आणि उरलेले त्याला इंटरनेटवर सापडले, तर तो आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

"आयुष्यभर घ्यावी लागेल का?" हा प्रश्न रुग्ण विचारणारच. त्याला "हो, घ्यायचीच" असे तोडून टाकू नका. पहिल्या झटक्यानंतर किती काळ औषध घ्यावे हे डॉक्टर माणूस पाहून ठरवतात, आणि पुरेसा काळ स्थिर गेल्यावर मात्रा कमी करण्याविषयी बोलता येते. २०२३ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत बऱ्याच काळापासून औषध घेणाऱ्यांची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केली गेली. दोन वर्षांनी त्यांचे सामाजिक जीवन इतरांपेक्षा सुधारलेले दिसले नाही, आणि आजार उलटण्याचे प्रमाण वाढले. म्हणून मात्रा कमी करायचीच असेल तर ती अगदी सावकाश, कुणाच्या तरी नजरेखाली आणि धोक्याची लक्षणे आधी लिहून ठेवूनच करावी. सगळ्यांत वाईट पर्याय म्हणजे एका शुक्रवारी रात्री स्वतःच सगळ्या गोळ्या बंद करणे.

त्रास ओळखा, त्यावर इलाज आहे

रुग्ण वैद्यकीय भाषेत बोलत नाही. त्याच्या वाक्यांमागे काय असू शकते ते पाहू.

"पाय थांबतच नाहीत, बसवत नाही." ही तगमग औषधाची असू शकते. घरच्यांना मात्र वाटते की आजार वाढला, आणि मात्रा वाढवली तर तगमगही वाढते. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध जोडणे, हे इलाज डॉक्टरांकडे आहेत. या तगमगीमुळे काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, म्हणून ती कधीही हलक्यात घेऊ नका.

"हात थरथरतात, अंग आखडते, चेहरा हलत नाही." हाही औषधाचाच परिणाम असू शकतो. मान किंवा जीभ अचानक वाकडी होऊन आखडली तर लगेच दवाखाना गाठा. इंजेक्शनने ती थोड्या वेळात सुटते.

"दिवसभर झोप येते." गोळीची वेळ, मात्रा किंवा औषध बदलून यात फरक पडतो.

"भूक आवरत नाही, शर्ट बसेनात." ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांत वजन आणि साखर वाढण्याचा धोका जास्त. औषध सुरू करताना वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी तपासावी. तीन महिन्यांनी पुन्हा आणि पुढे दरवर्षी. आपल्याकडे मधुमेहाचे प्रमाण तसेही मोठे आहे, म्हणून ही तपासणी स्वतः मागून घ्या. वजन कमी वाढवणारे औषध घेता येते का, मेटफॉर्मिनचा उपयोग होईल का, हे विचारा.

"पाळी येत नाही", "छातीतून दूध येते", "इच्छाच होत नाही." रिस्पेरिडोन किंवा अमिसल्प्राइडसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, त्याची ही लक्षणे असू शकतात. तरुण मुलीला ही गोष्ट वडिलांसमोर किंवा भावासमोर बोलता येत नाही. मुलालाही लैंगिक अडचण आईसमोर सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत काही मिनिटे रुग्णाला डॉक्टरांबरोबर एकटे बसू द्या. औषध बदलल्यावर पाळी पूर्ववत होते आणि दिवस राहण्याची शक्यताही परत येते, हे विवाहितांनी ध्यानात घ्यावे.

दोन गोष्टी मात्र तातडीच्या आहेत. जोराचा ताप, अंग लाकडासारखे कडक आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसला तर रुग्णाला थेट रुग्णालयात न्या. आणि क्लोझापिन घेणाऱ्याला ताप किंवा घसादुखी झाली तर त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी तपासा. क्लोझापिनने तीव्र बद्धकोष्ठता होऊ शकते. तीही सांगायची राहून जाता कामा नये.

जेवणातून लपवून दिलेली गोळी

चेन्नईचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. किलपॉकच्या मनोरुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या डॉ. शारदा मेनन (१९२३–२०२१) यांनी १९८४ मध्ये इथे 'स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन', म्हणजेच 'स्कार्फ', ही संस्था उभारली. या शहरातल्या टी. एन. श्रीनिवासन आणि आर. थारा यांनी रुग्ण औषध घेत नाही तेव्हा कुटुंबे काय करतात याचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. गोळी जेवणातून किंवा पेयातून लपवून देणारी घरे त्यांना मोठ्या संख्येने आढळली. महाराष्ट्रातही हे सर्रास चालते. वरणात कुटून, चहात विरघळवून, दुधात घालून.

असे करणाऱ्या आईला दोष देण्याचे धाडस कुणी करू नये. ती रात्र रात्र जागलेली असते, डॉक्टर लांब असतात, आणि तिला दुसरी वाट दिसत नसते. पण या मार्गाचे धोके तिला कुणीतरी सांगायला हवेत. रुग्णाला आधीच संशय असतो की जेवणात काहीतरी कालवतात. त्याच्या जेवणात खरोखरच औषध कालवले आणि ते त्याला कळले, तर तो संशय नव्हता, खरेच होते, अशी त्याची खात्री पटते. मग तो घरचे अन्न टाकतो. पोटात किती औषध गेले हे डॉक्टरांना कळत नाही. अंग आखडले की त्याचे कारण त्याला माहीत नसते, त्यामुळे भीती वाढते. आणि औषधाने आलेला बरेपणा तो औषधाच्या खात्यात जमा करूच शकत नाही. "मी तर गोळ्यांशिवायच बरा झालो," असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. नोकरीसाठी सिरुसेरीला गेला की ही व्यवस्था एका दिवसात कोसळते.

तुम्ही आज हे करत असाल तर घाबरून एकदम थांबवू नका. डॉक्टरांना खरे सांगा. रुग्ण थोडा स्थिर असताना, डॉक्टरांच्या मदतीने ते त्याला कसे आणि कधी सांगायचे हे ठरवा. तोपर्यंत मात्रा स्वतः वाढवू नका.

बोलायचे कसे

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ झेवियर अमाडोर यांच्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. "तुला आजार आहे" हे पटवण्यात त्यांची वर्षे गेली. त्या अनुभवातून आणि अभ्यासातून ते ज्या निष्कर्षाला आले तो साधा आहे: आधी ऐका, त्याच्या भावना मान्य करा, जिथे सहमती आहे ती जागा शोधा आणि तिथून पुढे बरोबर चला. आजाराच्या नावावर एकमत झाले नाही तरी चालते. "मला आजार नाही, पण झोप येत नाही" असे तो म्हणत असेल तर झोपेवर सहमती आहे. "ते लोक बोलतात म्हणून कामात लक्ष लागत नाही" असे म्हणत असेल तर कामावर सहमती आहे.

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग घ्यायचीच," याऐवजी आईने असे विचारून पाहावे: "या गोळीनं तुला नेमकं काय होतं, ते सांग बरं मला." किंवा, "किती दिवस घेतल्या नाहीस? मी रागावणार नाही. डॉक्टरांना खरं सांगायचंय एवढंच." हे वाक्य मनापासून असले पाहिजे. उत्तर ऐकून राग आला आणि तो दिसला, तर पुढच्या वेळी उत्तर मिळणार नाही. डॉक्टरांना खरे कळणे का महत्त्वाचे? रुग्ण गोळ्या घेतच नाही, पण डॉक्टरांना वाटते की घेऊनही फरक नाही. मग मात्रा वाढते. पुढे कधी त्याने त्या खरोखर घेतल्या की वाढलेल्या मात्रेने तो कोलमडतो.

भाऊ, बहीण, मोठी वहिनी, विश्वासातला मित्र यांपैकी ज्याचे त्याला पटते त्यानेच बोलावे. पाच जणांनी पाच वेळा विचारले की त्याला तो पहारा वाटतो. गोळ्या मोजण्याचा अधिकार कुणाला द्यायचा हे रुग्णालाच ठरवू द्या. मोबाइलमध्ये वेळेची आठवण लावणे, आठवड्याच्या खणांची डबी वापरणे, दिवसातून दोनदाऐवजी एकदाच गोळी घेता येईल का हे विचारणे, अशा लहान बदलांनीही खूप फरक पडतो.

चर्चेची वेळ निघून गेली आहे हेही ओळखता यायला हवे. रात्रंदिवस झोप नाही, जेवण सोडले आहे, कुणापासून तरी जीवाला धोका आहे असे वाटून तो हत्यार जवळ ठेवतो आहे, किंवा मरणाची भाषा करतो आहे, अशा वेळी वाद न घालता रुग्णालयात नेणे हेच काम उरते.

सिरुसेरीत एकटे राहताना

रात्रपाळी असेल तर ते डॉक्टरांना सांगा. झोप आणणारी गोळी सकाळी घरी परतल्यावर घेणे शक्य असते, पण ती वेळ स्वतः बदलू नका. पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील तर झोपेचे वेळापत्रक बिघडते आणि आजार उलटायला ते निमित्त पुरते. ठरावीक पाळी मागण्यासाठी डॉक्टरांचे पत्र उपयोगी पडते. त्यात निदान लिहिलेच पाहिजे असे नाही. ल्युरासिडोन हे औषध रिकाम्या पोटी घेतले तर निम्मेच शोषले जाते, म्हणून ते पोटभर जेवणाबरोबरच घ्यावे. चहाबिस्किटांवर वेळ मारून नेणाऱ्यांना त्याचा गुण येत नाही आणि औषध निकामी ठरवले जाते.

चेन्नईचा मे महिना, तमिळ लोक ज्याला अग्निनक्षत्रम म्हणतात तो काळ, या औषधांवर असलेल्यांसाठी जपण्याचा आहे. काही औषधांमुळे, आणि थरथर थांबवण्यासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलमुळे, घाम कमी येतो आणि शरीर तापते. पाणी जवळ ठेवा, दुपारी उन्हात पायी फिरू नका.

सिगारेटचा संबंध अनेकांना ठाऊक नसतो. धुरातील घटकांमुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर बाहेर पडतात. कुणी एकदम सिगारेट सोडली तर तीच मात्रा जास्त ठरू शकते. सिगारेट जरूर सोडा, पण डॉक्टरांना सांगून सोडा.

सुट्टीत गावी जाताना गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा आणि चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये. कंपनीचे नाव जागोजागी बदलते, म्हणून औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहून ठेवा. क्लोझापिनचे दोन दिवसांपेक्षा जास्त डोस चुकले तर पूर्ण मात्रेने पुन्हा सुरू करू नका. ती पुन्हा कमी मात्रेपासून वाढवावी लागते.

रोज गोळी लक्षात राहत नसेल, किंवा रोजची आठवणच नको असेल, तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन हा चांगला पर्याय आहे. फ्लुफेनाझिन आणि हॅलोपेरिडॉल ही जुनी, पॅलिपेरिडोन हे नवे. "इंजेक्शन म्हणजे शिक्षा" असा समज आहे, तो ते कसे देऊ केले जाते त्यातून होतो. निवडण्याची संधी मिळाली तर अनेकांना त्यात मोकळीक वाटते. दोन औषधे योग्य मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही गुण आला नसेल तर क्लोझापिनविषयी विचारा. त्यासाठी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते, पण जिथे इतर औषधे थकतात तिथे ते उपयोगी पडते.

सिरुसेरी चेंगलपट्टू जिल्ह्यात येते. जवळच केळंबक्कमला चेट्टिनाड रुग्णालय आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, कोवळममध्ये 'द बॅनियन' ही संस्था काम करते, आणि अण्णा नगरला 'स्कार्फ' आहे. सरकारी रुग्णालयात गोळ्या मोफत मिळतात. तमिळ येत नसेल आणि इंग्रजीत मन मोकळे होत नसेल तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. भास ज्या भाषेत होतात त्याच भाषेत ते सांगता येणे हा मोठा आधार असतो.

कायदा आणि श्रद्धा

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सज्ञान व्यक्तीला बऱ्या अवस्थेत लिहून ठेवता येते की आपली निर्णयक्षमता हरवली तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. ज्याला एखाद्या औषधाने फार त्रास झाला त्याने ते इथे नोंदवावे. पुढच्या झटक्यात आपले ऐकले जाईल ही खात्री असली की आजच्या औषधाबद्दलही विश्वास वाढतो. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागणूक द्यावी असे हा कायदा सांगतो.

अनेक घरांत डॉक्टरांच्या बरोबरीने गाणगापूरची वारी किंवा एखादा दर्गा असतो. श्रद्धेने मनाला बळ मिळत असेल तर तिला विरोध करण्याचे कारण नाही. विरोध केला तर रुग्ण आणि आजी दोघेही दुरावतात. सीमारेषा मात्र स्पष्ट असावी: गोळ्या चालू राहतील, उपास घडणार नाही, मारहाण होणार नाही, बांधून ठेवले जाणार नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. ही सीमारेषा का हवी याचे यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

पुढच्या भेटीआधी

डॉक्टरांकडे जाण्याआधी रुग्णाने आणि सांभाळणाऱ्याने मिळून, वेगवेगळ्या मतांसकट, एका कागदावर लिहावे:

१. औषधाने काय बरे झाले? रुग्णाच्या मते आणि घरच्यांच्या मते.
२. औषधाचा सर्वांत जास्त जाच कशाचा?
३. गेल्या महिन्यात किती वेळा चुकले, आणि का?
४. येत्या सहा महिन्यांत रुग्णाला काय करायचे आहे: नोकरी टिकवणे, परीक्षा, लग्न, गाडी शिकणे?
५. त्या गोष्टीला हे औषध मदत करते की आड येते?
६. आजार उलटू लागला की सर्वांत आधी काय बदलते, आणि तेव्हा कुणी कुणाला फोन करायचा?

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. माणूस गोळी गोळीसाठी घेत नाही, तिच्यामुळे जे जमते त्यासाठी घेतो.

घरच्यांनी स्वतःसाठीही सोबत शोधावी. कॅल्गरीत प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी पत्नीच्या आजारपणातून जे शिकले ते मराठी घरांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. तिथल्या गटांत रुग्ण शुभार्थी म्हणून आणि सांभाळणारे शुभंकर म्हणून एकमेकांचे अनुभव ऐकतात. सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथे २८२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन रुग्ण आणि कुटुंबाबरोबर काम करत होते. २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. फक्त दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा या जोडीने रुग्णांची लक्षणे आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी काहीशा अधिक कमी झाल्या. फायदा माफक होता, पण गोळीला माणसाची जोड लागते हे त्यातून दिसले.

आणि आशा ठेवायला आधार आहे. चेन्नईत १९८१ पासून पहिला झटका आलेल्या ९० रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. दहा वर्षांनी त्यांतील बहुसंख्य चांगल्या स्थितीत होते. हा आजार म्हणजे आयुष्याचा शेवट, हे गृहीतक त्या अभ्यासाने खोडून काढले. तुमच्या घरात आज "मला गोळी नको" असे कुणी म्हणत असेल, तर तो तुमच्याशी अजून बोलतो आहे. त्याला विचारा की का नको. उत्तर लिहून घ्या, आणि ते त्याच्यासोबत, त्याच्या संमतीने, डॉक्टरांपुढे ठेवा.